को-पायलटच्या पगाराचं पण बघा

संपादक साहेब,
मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या पेडण्यात पोरांना पायलट व्हायचं वेड लागलंय, चांगलंच आहे, पण खर्चाचा हिशोब कोणी सांगत नाही. शेजारचा मुलगा छोट्या शहरांना जाणाऱ्या एटीआरवर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) को-पायलट आहे, २०० तास फ्लाइंग करून सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) काढलं, वर टाइप रेटिंगचे (त्या ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचे) पैसे वेगळे, सगळे मिळून पन्नास लाखांच्या वर गेले, बापाने काजूची बाग गहाण टाकली. आणि पगाराचा मोठा भाग कशावर, तर उडलेल्या तासांवर! पावसात विमान खोळंबलं की युनिफॉर्म घालून एअरपोर्टवर बसलेले तास फुकट. लोक म्हणतात पायलट म्हणजे लाखो कमावतो (अहो, ते मोठ्या विमानांचे कॅप्टन!). अमेरिकेत २००९ ला बफेलोजवळ रिजनल (जवळच्या मार्गांवर उडणाऱ्या) कंपनीचं विमान पडून ५० माणसं गेली, तेव्हा चौकशीत कळलं की को-पायलट बाई रात्रभर प्रवास करून सिअ‍ॅटलहून ड्युटीवर आलेल्या, पगार अगदीच तुटपुंजा. आपल्याकडे डीजीसीए (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) पायलटच्या आरामाचे तास ठरवतं, पगाराबद्दल सगळे गप्प. निदान ठरावीक बेसिक आणि खोळंब्याच्या तासांचे पैसे तरी द्या, बाँडचं (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याच्या कराराचं) भांडण मागाहून बघू.

- एक वाचक, पेडणे