रात्रभर सोबत बसलेल्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची सून तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. इतरांनीही वाचावं म्हणून मुद्दाम उघड लिहिते आहे. रात्रीचे फोटो काढायचा नाद असलेल्या आम्हा मंडळींचं कौतुक होतं तेव्हा कॅमेऱ्याचं होतं, लेन्सचं होतं, फार तर चिकाटीचं होतं. सोबतीला जागलेलं माणूस कुणाला दिसत नाही. माझे काजव्यांचे फोटो ज्यांना आवडतात त्यांना कळू दे, की तुम्ही नसता तर त्यातला एकही निघाला नसता.

गावाचं नाव लिहीत नाही, तसा शब्द दिलाय तुम्हाला. भंडारदरा धरणाच्या पाण्याकाठची, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली एक वाडी, एवढं वाचणाऱ्यांना पुरे.

बाईमाणसाला हा छंद करायचा तर पहिला प्रश्न येतो तो सोबतीचा. लेन्स कुठली, आयएसओ किती, हे सगळं नंतर. मुंबईत सीएसएमटीसमोर किंवा मरीन ड्राइव्हला ट्रायपॉड लावून उभं राहता येतं, कारण तिथे उजेड असतो, वर्दळ असते. काजव्यांना नेमका मिट्ट काळोख लागतो. अमावस्येच्या आसपासची रात्र, वस्तीपासून लांब, ओढ्याच्या कडेला एकाच जागी तास न् तास थांबायचं, आणि डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, म्हणजे पाठीमागे काय चाललंय त्याचा पत्ता नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली चांगले कॅमेरे घेऊन संध्याकाळच्या फोटोंवर थांबल्या आहेत ते याच कारणानं. हौस त्यांनाही आहे. तुम्ही मात्र मी जेवून बॅग उचलली तेव्हा काही न विचारता घोंगडी खांद्यावर टाकलीत. “एकटी कशी बसशील तिथं? चल, मी बी येते.” तुमची भातशेतीची कामं पहाटे सुरू होतात हे मला माहीत होतं. तुम्हाला तर माहीत होतंच.

ओढ्याकाठचा तो सादडा तुम्हीच दाखवलात. हिरड्यावर, बेहड्यावर, जांभळावरही काजवे असतात, पण यंदा ते इथं जास्त बसलेत, असं म्हणालात. उजेड पुरता जायच्या आत झाडाची एक फ्रेम, म्हणजे एक फोटो, काढून घ्यायची असते; एकदा ती घेतली की ट्रायपॉडला हातसुद्धा लावायचा नाही, कारण पुढच्या सगळ्या फ्रेम तिच्यावरच ठेवायच्या असतात. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून लेन्स मॅन्युअलवर टाकून मी डोक्यावरच्या स्वातीच्या ताऱ्यावर फोकस लावला. तुम्ही आग्नेयेकडे हात करून वर येणारा ताऱ्यांचा विंचू दाखवलात, नांगीसकट. आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा त्या नांगीजवळच असतो आणि त्याचे फोटो काढणारे सगळे त्या विंचवाचीच वाट बघत असतात, हे मी सांगितल्यावर तुम्हाला केवढं नवल वाटलं होतं!

आणि मग ती टिकली. प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेऱ्याच्या मागचा इवलासा लाल दिवा लागत होता. मी तो बोटानं झाकत होते. तुम्ही कनवटीच्या पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलंत, चाचपून एक मोठी मखमली टिकली सोडवलीत आणि दिव्यावर अशी बेतानं बसवलीत की उजेडाचा कण बाहेर येईना. या कामासाठी दुकानात खास चिकटपट्टी मिळते, पण मखमली टिकलीइतकी चांगली ती बसत नाही. आता माझ्या बॅगेत बॅटरी, मेमरी कार्ड आणि लेन्स पुसायच्या कापडाबरोबर टिकल्यांचं पाकीट कायम असतं. या छंदातल्या दोघी-तिघींनाही मी ते दिलंय.

“वरचे हिंडतात, खालची बसून असती,” असं तुम्ही हळूच म्हणालात आणि गवतात मंद लुकलुकणारा एक ठिपका दाखवलात. मी त्यावर पुढे बरंच वाचलं. काजव्यांच्या पुष्कळ जातींत नर उडता उडता खुणावतो आणि मादी गवतात नाहीतर झुडपात बसून उत्तर देते. गाडीचा हेडलाइट, बॅटरी, फ्लॅश, कुठलाही झोत पडला की ही खूण दिसेनाशी होते आणि जोड्या जुळत नाहीत. गवतात पाय टाकला तर मादीच पायाखाली जाते. अळी म्हणून हा जीव कितीतरी महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगाई खाऊन काढतो आणि पंख फुटल्यावर त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. तुम्ही मला पायवाटेवरून खाली उतरू दिलं नाहीत त्याचं मोल हे सगळं वाचल्यावर नीट कळलं.

त्या रात्री बऱ्याच उशिरा रस्त्यावर दोन गाड्या येऊन थांबल्या. दिवे चालू, गाणी चालू. तुम्ही उठून गेलात. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, पण दिवे विझले, आणि ती माणसं बराच वेळ गुपचूप बघत उभी राहिली. मी एकटी असते तर त्या गाड्यांपाशी गेले नसते, हे स्पष्टच सांगते.

दुसऱ्या दिवशी ओटीवर लॅपटॉप उघडून मी तयार झालेला फोटो दाखवला. वीस-वीस सेकंदांच्या नव्वद फ्रेम, म्हणजे अर्ध्या तासाचं लुकलुकणं, एकावर एक ठेवलेलं. संगणकाला सांगायचं, प्रत्येक जागी जो ठिपका सगळ्यात उजळ असेल तेवढाच ठेव. त्याऐवजी सरासरी काढायला सांगितलं तर काजवे पुसटच होऊन जातात. फोटोत सादडा नखशिखान्त उजळलेला होता. तुम्ही खूप वेळ बघितलंत आणि म्हणालात, “छान आलाय. पर एवढे एका टायमाला नसत्यात गं.”

मावशी, फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्गात मला इतकी कामाची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. लोक असले फोटो बघून गाडी काढतात, झाडाखाली उभे राहतात आणि “फोटोतल्यासारखं काही नाही” म्हणत परततात. खरं तर डोळ्यांना दिसतं ते जास्त सुंदर असतं, कारण ते हलतं. सगळं झाड क्षणभर विझतं आणि पुन्हा पेटतं. हे फोटोत येऊच शकत नाही. आता प्रत्येक फोटोखाली मी किती फ्रेम, किती वेळ, हे लिहिते. ते लिहायला लागल्यापासून लोक जास्त प्रश्न विचारतात आणि मला बोलायलाही जास्त आवडतं.

झाडाचा पत्ता मात्र कुणालाच देत नाही. पाहुणे येऊ नयेत असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. पावसाळ्यापूर्वीच्या त्या दिवसांत तंबू आणि जेवणावर तुमच्या भागातल्या कितीतरी घरांना चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. तुमचं म्हणणं एवढंच होतं की पाहुण्यांनी गावात उतरावं, गावातल्या माणसाबरोबर चालत जावं. झाड नकाशावर टाकू नये. मला ते शंभर टक्के पटतं. फोनवर काढलेल्या फोटोत, लोकेशन चालू असेल तर, जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो पाठवला तर ती माहिती गळून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवली तर तशीच पुढे जाते. म्हणून मी ती आधी काढून टाकते आणि मागणाऱ्यांना सांगते: गावात जा, विचारा, तिथल्या घरी जेवा, कुणीतरी घेऊन जाईल.

सुनबाईंनी पाठवलेला फोटो मिळाला. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून, नाइट मोडवर काढलेला: तुमचं अंगण, वळचणीला टांगलेलं इरलं आणि कौलांवर पूर्ण वर आलेला विंचू. फोन जराही हललेला नाही, तारे टोकदार आलेत. माझ्याकडून एवढ्या महागड्या कॅमेऱ्यानं तुमच्या घराचा असा फोटो निघाला नाही. त्यांना सांगा, हा मोठ्या आकारात छापायला टाकलाय, माझ्या सादड्याच्या फोटोबरोबरच येईल. दोन प्रती करते. एक तुम्हाला, एक शाळेच्या व्हरांड्यात लावायला, गुरुजींची हरकत नसेल तर.

तुमची झोप, तुमची वाट, तुमची टिकली आणि तुमचं स्पष्ट बोलणं, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. पैसे द्यायला गेले तर रागावलात, म्हणून लिहूनच सांगते आहे.

रोहिणी लागल्या की येते. मृगाचा मोठा पाऊस झाला की काजवे ओसरतात, त्यामुळे त्याआधीची अमावस्या बघून ठेवली आहे. सुनबाईंसाठी छोटा ट्रायपॉड आणते. तुमच्यासाठी घडीची खुर्ची आणते, तेव्हा घोंगडीवर मांडी घालून गुडघे दुखवून घेऊ नका. मुक्कामाला माझ्याबरोबर आणखी एक मैत्रीण असेल. तिलाही रात्री फोटो काढायचेत आणि तिच्या घरच्यांनी आधी तुमच्याशी फोनवर बोलायचं ठरवलंय. रविवारी सकाळी त्यांचा फोन येईल, तेवढा घ्या.

तुमची,
कॅमेरेवाली पोरगी