सायलीस, फॉर्म भरण्याआधी

बोपोडी, पुणे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

आई म्हणाली, तू 'व्हेईकल मेकॅनिक, एएफव्ही'च्या, म्हणजे लष्कराच्या चिलखती लढाऊ गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या जागेचा फॉर्म भरणार आहेस. ऐकून ऊर भरून आला गं. मुलींना हे काम झेपेल का, ही आईची काळजी मला पटत नाही. जड वजन उचलायला शेडमध्ये क्रेन असते. तुला लागेल ती चिकाटी, आणि ती तुझ्यात लहानपणापासून आहे.

खडकीच्या लष्करी वर्कशॉपला ओव्हरहॉलला आलेली गाडी एखादा बिघाड काढून परत जात नाही. इंजिन, गिअरबॉक्स, टरेट (वरचा फिरता तोफेचा बुरूज), टॉर्शन बार (चाकांना स्प्रिंगचं काम करणारे दांडे), वायरिंग, सगळं उतरवतात. उरतो तो नुसता पोलादी हल, म्हणजे गाडीचा सांगाडा. मग एकेक भाग तपासून, बदलून पुन्हा चढवायचा.

बीएमपी-२चंच घे, जवानांना नेणारी ट्रॅकवरची चिलखती गाडी. साधारण 14 टनांची, 300 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, तिघांचा क्रू आणि मागे सात जवान. ही गाडी नदी पोहून पार करते, तीही ट्रॅक फिरवूनच; पाण्यासाठी वेगळा पंखा तिला नाही. त्यामुळे पाणी आत येऊ न देणं हे तोफेइतकंच महत्त्वाचं. मागच्या दारांचं रबर सील बदलताना जुन्या रबराचा चुरा खाचेत राहिला, तर नवं सील वरून अगदी व्यवस्थित दिसतं आणि तरी नीट बसलेलं नसतं. डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस. हातमोजा काढ, पूर्ण खाचेवरून बोट फिरव. हलच्या तळाचे ड्रेन प्लगही स्वतः बघ, दुसऱ्यानं 'लावलेत' म्हटलं तरी. त्या दारांतच डिझेलच्या टाक्याही असतात, हेही विसरू नकोस.

पोरी, आत बसणारे ते दहा जण तुला कधी भेटणार नाहीत. ते कुठल्या गावचे, हेही तुला कळणार नाही. तरी जॉब कार्डावर सही तुझी असेल. वरिष्ठ घाई करतील, गाडी आजच द्यायची म्हणतील. तपासलं नसेल तर तोंडावर सांग, 'साहेब, अजून बघितलं नाही.' माझ्या मते या कामात याहून मोठं कौशल्य नाही, आणि ते आयटीआयमध्ये शिकवत नाहीत.

पगाराचं, शिफ्टचं आपण समोरासमोर बोलू. येताना आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र आण, फॉर्मची तारीख जवळ आली असेल. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, मी घरी आणून ठेवलाय. रविवारी तुझा हात बघतो.

तुझे बाबा