आकडा मोठा, पॅकेज छोटं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मंदी आणि सरकारी पॅकेज यावर तुमचा मोठा लेख होता, सकाळी चहाबरोबर पूर्ण वाचला, लेख चांगला आहे यात वादच नाही. पण त्यात एक ओळ आहे की २००९ साली अमेरिकेत हाऊसने म्हणजे प्रतिनिधी सभेने ८१९ अब्ज डॉलरचं पॅकेज पास केलं आणि सिनेटने, म्हणजे तिकडच्या वरच्या सभागृहाने, ते ८३८ अब्जांवर नेलं, म्हणजे सिनेटने हात सैल सोडला. दोन्ही आकडे बरोबर आहेत. अर्थ मात्र अगदी उलटा आहे, आणि तो कसा उलटा आहे हे मला त्या वेळी घरबसल्या कळलेलं असल्यामुळे हे पत्र लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत होतो. जानेवारी २००९ मधे माझी नोकरी गेली. ग्रीन कार्ड होतं म्हणून देश सोडायची वेळ आली नाही, पण हेल्थ इन्शुरन्स नोकरीबरोबरच जातो तिकडे. कोब्रा नावाचा एक कायदा आहे, त्यात जुन्या कंपनीचाच इन्शुरन्स चालू ठेवता येतो पण हप्ता सगळा स्वतः भरायचा, कंपनीचा वाटासुद्धा आपणच. आमचा कागद आला तो महिन्याला १,०८० डॉलरचा. दोन लहान मुलं, पगार शून्य. त्यामुळे फेब्रुवारीत वॉशिंग्टनमधे जी दोन बिलं फिरत होती ती मी हौसेने वाचली नाहीत, डायनिंग टेबलावर तो कागद एका बाजूला ठेवून गरजेपोटी ओळ न ओळ वाचली.

हाऊसचं बिल २८ जानेवारीला २४४ विरुद्ध १८८ मतांनी पास झालं, रिपब्लिकन पक्षाचं एकही मत नाही. त्यात होतं की नोकरी गेलेल्या माणसाच्या कोब्रा हप्त्याचा ६५ टक्के भाग सरकार १२ महिने भरेल. सिनेटच्या बिलात तेच ५० टक्के, १२ महिने. म्हणजे माझ्या खिशातून महिन्याला एका बिलात ३७८ डॉलर जाणार होते आणि दुसऱ्यात ५४०. आणि शेवटी दोन्ही सभागृहांच्या तडजोडीत काय झालं तर ६५ टक्के, पण फक्त ९ महिने. वरवर बघितलं तर हाऊसचं म्हणणं राहिलं असं वाटतं, पण गुणाकार करून बघा, हाऊसच्या हिशोबाने मला एकूण ८,४२४ डॉलरची मदत झाली असती, सिनेटच्या हिशोबाने ६,४८०, आणि तडजोडीत ६,३१८, म्हणजे दोन्हीपेक्षा कमी! पुढे डिसेंबर २००९ मधे ती मुदत १५ महिने करावी लागली ते वेगळं, पण फेब्रुवारीत माझ्या बघण्यातल्या कुठल्याच पेपरने हा गुणाकार करून दाखवला नव्हता.

आता मोठ्या आकड्याकडे येतो. सिनेटच्या ८३८ मधे साधारण ७० अब्ज डॉलर हे एएमटी नावाच्या करातल्या सवलतीचे होते. हा कर मूळचा फार श्रीमंत लोकांसाठी आणलेला, पण त्याची मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढत नव्हती, म्हणून तो मध्यमवर्गाला लागू नये यासाठी काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, जवळजवळ दरवर्षी तात्पुरती दुरुस्ती करायचीच, मंदी असो नसो. २००९ लाही ती झालीच असती. म्हणजे हे पैसे लोकांच्या हातात नव्याने येणारे नव्हतेच, नेहमीचा किराणा दिवाळीच्या खरेदीत धरून दिवाळी मोठी झाली म्हणण्यासारखं आहे हे. ते ७० काढा, ८३८ चे ७६८ राहतात. हाऊसचे ८१९ होते. आता सांगा मोठं पॅकेज कुणाचं?

आणि जी जागा एएमटीने घेतली ती कुणाची घेतली हे बघितलं की जास्त वाईट वाटतं. सिनेटमधे चर्चा चालू असताना बिल ९०० अब्जांच्या पुढे गेलं होतं, तेव्हा मेन राज्याच्या सुझन कॉलिन्स आणि नेब्रास्काचे बेन नेल्सन या सिनेटरांच्या गटाने १०० अब्जांच्या आसपास कापायचं ठरवलं, कारण फिलिबस्टर म्हणजे चर्चा लांबवून बिल अडकवणं, ते अडवायला ६० मतं लागतात आणि बिलाच्या बाजूच्या डेमोक्रॅट्सकडे तेव्हा ५८ च होती. कापलं काय? राज्य सरकारांना द्यायच्या मदतीतून ४० अब्ज, शाळांच्या बांधकामाचे १६ अब्ज, कॉलेजांच्या बांधकामाचे साडेतीन अब्ज. ही तडजोड झाली तो शुक्रवार होता ६ फेब्रुवारी, आणि त्याच दिवशी सकाळी आकडे आले होते की एकट्या जानेवारीत जवळपास ६ लाख नोकऱ्या गेल्या. त्या ६ लाखांत मी एक होतो म्हणून मला तारीख पाठ आहे.

राज्यांच्या मदतीचं महत्त्व आपल्याकडे बऱ्याच लोकांना पटकन लक्षात येत नाही म्हणून जरा सांगतो. अमेरिकेत केंद्र सरकार कर्ज काढून खर्च करू शकतं पण जवळपास सगळ्या राज्यांना आपलं बजेट दरवर्षी जुळवावंच लागतं, तसा त्यांचा कायदाच आहे. मंदीत कर कमी जमा होतो, मग राज्यं शिक्षक कमी करतात, बस बंद करतात, फी वाढवतात. म्हणजे केंद्र एका हाताने पैसे ओततंय आणि पन्नास राज्यं दुसऱ्या हाताने काढून घेतायत. हे थांबवायला हाऊसने राज्यांसाठी ७९ अब्ज ठेवले होते, सिनेटने ३९ केले, शेवटी ५३.६ वर मांडवली झाली. शाळा बांधकामाची वेगळी रक्कम हाऊसच्या बिलात होती, अंतिम कायद्यात ती राहिलीच नाही. एएमटीचे ७० अब्ज मात्र जसेच्या तसे राहिले, त्यामुळे अंतिम कायद्याचा ७८७ अब्जांचा जो आकडा जगभर छापून आला त्यात खरे नवे पैसे सव्वासातशेही नव्हते.

याचा परिणाम दीड वर्षात दिसला. माझी बायको तेव्हा एका शाळेत टीचर्स असिस्टंट होती. २०१० च्या वसंतात शाळा बोर्डाची मीटिंग जिममधे झाली, फोल्डिंग खुर्च्या, दारात एका टेबलावर झेरॉक्सचे कागद ठेवलेले, त्यावर नावं नव्हती फक्त पदं, अमुक इयत्तेचं एक पद, लायब्ररीचं एक, असिस्टंटची चार. लोक बोट फिरवून आपलं पद शोधत होते. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी कागद घडी करून पर्समधे टाकला आणि मीटिंग संपेपर्यंत त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्या बायकोचं पद त्या असिस्टंटच्या चारात होतं. तशीच परिस्थिती देशभर झाली म्हणून ऑगस्ट २०१० मधे काँग्रेसला नवा २६ अब्जांचा कायदा करावा लागला, १० अब्ज शिक्षकांच्या नोकऱ्यांसाठी आणि १६ अब्ज राज्यांच्या मेडिकेडसाठी म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेसाठी, त्यासाठी हाऊसला सुट्टीवरून परत बोलावलं होतं. जे फेब्रुवारी २००९ मधे एका रात्रीत कापलं त्यातलंच थोडं दीड वर्षाने परत द्यावं लागलं, पण तोपर्यंत त्या पदांवरची माणसं घरी बसली होती.

सिनेटने सगळंच वाईट केलं असं मी म्हणत नाही. पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर, स्वतः कॅन्सरशी लढलेले, त्यांनी मेडिकल रिसर्चची रक्कम साडेतीन अब्जांवरून १० अब्ज करून घेतली आणि ती शेवटपर्यंत टिकली, ते चांगलंच झालं. पण त्याच सिनेटने घर घेणाऱ्या कुणालाही १५,००० डॉलरपर्यंत कर सवलत घातली होती, म्हणजे ज्याच्याकडे डाऊन पेमेंटचे पैसे आहेत त्याला आणखी पैसे. तडजोडीत ते ८,००० आणि फक्त पहिलं घर घेणाऱ्यांसाठी झालं हे बरं झालं.

आपल्या मराठी मुलांशी थेट संबंध असलेलं एक कलम तर फक्त सिनेटच्याच बिलात होतं. बर्नी सँडर्स आणि चक ग्रासली या सिनेटरांची दुरुस्ती, की बुडू नये म्हणून सरकारकडून बेलआऊटचे पैसे घेतलेल्या बँकांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नवीन माणूस घ्यायचा असेल तर आधी अमेरिकन माणूस शोधल्याचं आणि कुणाला काढून त्याच्या जागी घेत नसल्याचं लिहून द्यावं लागेल. ते कलम कायद्यात आलं आणि दोन वर्षं चाललं. आमच्या ओळखीत एक मुलगा होता, पुण्याचा, एमबीए संपत आलेलं, तो रोज रात्री फोन करून विचारायचा काका ते कलम राहिलं का उडालं. त्याला ८१९ का ८३८ याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

१० फेब्रुवारीला सिनेटमधे ६१ विरुद्ध ३७, आणि १३ ला अंतिम बिलावर बरोबर ६०. ते साठावं मत द्यायला ओहायोचे शेरॉड ब्राऊन आई वारलेली असताना विमानाने आले आणि त्यांच्यासाठी मतदान कित्येक तास उघडं ठेवलं होतं. इतक्या बारीक धाग्यावर बिल लटकलेलं असताना तडजोड करणं भाग होतं हे मला मान्य आहे, माझा आक्षेप तडजोडीला नाही. तडजोडीत काय गेलं आणि त्या जागी काय आलं हे लपलं, आणि बेरीज तेवढी छापली गेली, याला आहे. ऑक्टोबर २००९ मधे बेकारी १० टक्क्यांवर गेली तेव्हा लोक म्हणायला लागले एवढे पैसे ओतून काय फायदा झाला. अहो एवढे ओतलेच नव्हते.

आपल्याकडे तर दोन बिलं शेजारी ठेवून बघायची सोयही नाही. पैशाच्या विधेयकावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते आणि १४ दिवसांत परत पाठवते. मे २०२० चं २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं तेव्हा संसदेचं अधिवेशनच चालू नव्हतं, आणि त्या २० लाख कोटींत रिझर्व्ह बँकेने आधीच खुले केलेले पैसे आणि लघुउद्योगांच्या ३ लाख कोटींच्या कर्जाची हमीसुद्धा धरलेली होती. हमी म्हणजे खर्च नव्हे. म्हणून तर आपल्याकडे हे काम पेपरनेच करायला पाहिजे, दुसरं कोण करणार?

तेव्हा विनंती एवढीच की येत्या रविवारी त्या ओळीची दुरुस्ती छापावी, आणि जमलं तर सोबत एक छोटा तक्ता द्यावा, हाऊस, सिनेट आणि अंतिम कायदा असे तीन रकाने, खाली राज्यांची मदत, शाळा, एएमटी, कोब्रा अशा चारच ओळी. अर्ध्या कॉलममधे बसेल.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)