काजव्यांच्या हंगामाआधी : कॅम्पच्या नोंदवहीविषयी मुलास पत्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पुण्याची नोकरी सांभाळून यंदाच्या मे महिन्यापासून आपल्या कॅम्पचे बुकिंग तू पाहणार आहेस, असे बाबांनी सांगितले. ते सोयीचेच होईल, कारण भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या या काठावर फोनची रेंज आपल्या मर्जीने येते-जाते आणि मुंबईच्या माणसाला विचारणेचे उत्तर लवकर मिळाले नाही, तर तो पुढच्या कॅम्पला फोन लावून मोकळा होतो. मात्र नोंदवही तुझ्याकडे सोपवण्यापूर्वी काही गोष्टी लिहून कळवणे मला आवश्यक वाटते. फोनवर त्या निम्म्या राहून जातात, आणि शाळेत इतकी वर्षे शिकवल्यामुळे लिहिलेल्या गोष्टीवर माझा अधिक विश्वास आहे, हेही खरे.

पाहुण्याला येथे काय अनुभवायला मिळणार, हे बहुतांशी तो घोटीला वळण्यापूर्वीच ठरलेले असते. त्या रात्रीसाठी आपण किती जणांना होकार दिला, त्यांना काय सांगितले आणि काय विचारले, यावर ते ठरते. बाबा जेवणाचे आणि तंबूंचे पाहतात म्हणून सगळे श्रेय त्यांना मिळते. पण शनिवारची रात्र बिघडते ती बहुधा मंगळवारी फोनवर दिलेल्या एखाद्या सैल उत्तरामुळे.

पहिला प्रश्न संख्येचा. आपल्या सपाट खाचरांत तंबू किती मावतील, हा हिशेब तू करू नकोस. तो नेहमी मोठा येतो आणि मोह पाडतो. रात्री शौचालयापुढे किती माणसे उभी राहतील, चुलींवर एका वेळी किती भाकऱ्या उतरतील आणि वाटाड्या म्हणून आलेली गावातील मुले किती जणांना सांभाळून झाडांपर्यंत नेतील, हे तीन आकडे मांड आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा धर. काजव्यांच्या दिवसांत त्यात चौथी गोष्ट मिळव, ती म्हणजे अंधार. काजव्याचा नर उडता उडता लुकलुकतो, मादी बहुधा गवतावर किंवा झुडपावर बसून त्याला प्रकाशानेच उत्तर देते, आणि हा सारा संवाद जोडीदार शोधण्यासाठी चाललेला असतो. गाडीच्या हेडलाइटमध्ये किंवा मोबाइलच्या टॉर्चमध्ये तो संवाद बुडून जातो. म्हणजे माणसे जितकी अधिक, तितके ज्यासाठी ती आली तेच कमी. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते. त्याआधीचा मोठा काळ तो अळीच्या रूपात ओलसर मातीत गोगलगाई खाऊन काढतो. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ या झाडांखाली गर्दीने तुडवलेली जमीन पुढच्या हंगामाला भोवते, ही गोष्ट आपल्या धंद्यात फारसे कोणी बोलत नाही. हा परिसर १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, तेव्हा वनखात्याने त्या वर्षी ठरवलेल्या प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क आधी विचारून घे आणि बुकिंगच्या पहिल्याच संदेशात लिही. नाक्यावर पोहोचल्यावर कळलेला नियम पाहुण्याला आपलाच नियम वाटतो.

आता तारखांविषयी. काजवे साधारणपणे मेच्या अखेरीस दिसू लागतात आणि पावसाने जोर धरला की दिसेनासे होतात. पण अमुक तारखेला झाड पेटलेले दिसेलच, असे कोणालाही सांगू नकोस. वळीव लवकर पडला, पाऊस लांबला, की सगळे पुढेमागे होते. आणखी एक गोष्ट तुम्हा मुलांच्या ध्यानात येत नाही, कारण तुम्ही तारखा मोबाइलमध्ये पाहता आणि तिथी पाहत नाही. वटपौर्णिमा अनेकदा नेमकी या हंगामातच येते. पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळपासूनच चांदणे असते आणि काजवे असूनही फिके दिसतात. याउलट संकष्टीला चंद्रोदय दहाच्या सुमारास असतो, आणि त्यापुढे तो रोज आणखी उशिरा होत जातो. म्हणून संकष्टीपासून अमावास्येपर्यंत आणि तिच्यानंतरचे तीन-चार दिवस रात्रीचा पहिला प्रहर काळोखाचा मिळतो. भिंतीवरची दिनदर्शिका पुढ्यात घेऊनच तारखा सुचवत जा. एखाद्या कुटुंबाला चांदण्यातला शनिवार हवा असेल, तर अवश्य दे, पण चांदणे असेल हे सांगून दे. आगाऊ सांगितलेली उणीव पाहुणा सहज सोसतो. तीच येथे आल्यावर कळली, तर तो फसवणूक म्हणतो, आणि मला वाटते त्यात त्याचे काही चुकत नाही.

सगळ्यांना शनिवारच हवा असतो, हे तुला ठाऊकच आहे. माझे मत असे, की शनिवारचा भाव वाढवण्यापेक्षा बुधवार-गुरुवारचा भाव कमी करावा आणि तो कमी का आहे हे मोकळेपणाने सांगावे: गर्दी नाही, गाड्यांचा उजेड नाही, झाडापाशी हवे तितके थांबता येते. निवृत्त मंडळी, शाळांना सुट्टी लागलेली कुटुंबे आणि छायाचित्रकार हे ऐकून आनंदाने येतात. हंगाम संपल्यावरही येथे बरेच काही असते. पावसाळ्यात घाटघरचे धुके असते, दिवाळीनंतर स्वच्छ आकाश असते आणि डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव असतो. त्या दोन रात्री चंद्र कोठे आहे ते पाहून आधीच जाहीर कर. पावसाळ्यात साम्रदच्या सांदण दरीत उतरायचा हट्ट कोणी धरला, तर बुकिंग गेले तरी चालेल, पण स्पष्ट नकार दे. त्या घळीत पाणी भरते.

प्रत्यक्ष नोंदीबाबत माझा आग्रह एकच आहे: नोंद एकाच जागी व्हावी. फोनवर बाबा होकार देतात, व्हॉट्सॲपवर तू देणार, आणि बुकिंगच्या संकेतस्थळावर तिसराच माणूस तोच तंबू घेणार, असे झाले की रात्री नऊ वाजता दोन कुटुंबे एका तंबूपुढे उभी राहतात. तुझ्या मोबाइलमधील कॅलेंडर संकेतस्थळाशी जोडता येत असेल तर जोड. परंतु ते जुळायला वेळ लागतो, म्हणून शनिवारचे काही तंबू संकेतस्थळावर दाखवूच नकोस, ते फोनसाठी राखून ठेव. ॲडव्हान्स जमा झाल्याशिवाय नाव पक्के धरू नये आणि जमा झाल्याबरोबर लेखी उत्तर जावे. त्यात तारीख, माणसे, लहान मुलांची वये, मिळालेली व उरलेली रक्कम, येण्याची वेळ आणि रद्द केल्यास काय, हे सगळे असावे. पाऊस हे येथे बुकिंग रद्द होण्याचे नेहमीचे कारण आहे, तेव्हा त्याविषयीचे धोरण मोघम ठेवू नकोस. सरी आल्या म्हणून पैसे परत मिळणार नाहीत, पण रस्ता बंद झाला किंवा प्रशासनाने मनाई केली तर पाहुण्याला मागावे लागण्यापूर्वी पूर्ण रक्कम परत जाईल, अशी दोन वाक्ये पुरेत. आणि दुसऱ्या वाक्याप्रमाणे वागायची वेळ आली, की रात्र न उलटू देता वाग. समाजमाध्यमांवर कॅम्पच्या नावाची खोटी पाने काढून ॲडव्हान्स उकळणारे लोक आहेत, म्हणून पैसे कोणत्या नावाच्या खात्यात जातील, हेही आपल्या संदेशात ठळक असू दे. ओळखपत्राची प्रत घेणे टाळू नकोस. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन द्यावी लागते.

आता विचारायच्या गोष्टी. ‘किती जण?’ एवढ्यावर थांबू नकोस. गुडघे दुखणारे कोणी आहे का, हे विचारले तर त्यांना शौचालयाजवळचा तंबू आणि एक खुर्ची देता येते. आजींना तंबूत वाकून शिरणे जमणार नसेल, तर आपली पडवी आहे. जैन कुटुंबांना पुष्कळदा सूर्यास्तापूर्वी जेवायचे असते. ते आदल्या दिवशी कळले तर चूल पाचला पेटवता येते आणि कांदा-लसणाशिवायचे पिठले वेगळ्या भांड्यात होते. आयत्या वेळी कळले तर ती माणसे बिस्किटे खाऊन झोपतात आणि वर आपल्याला त्रास दिला म्हणून माफी मागतात, ते मला पाहवत नाही. जेवणाच्या यादीत पनीर आणि नूडल्स घालण्याची तुझी सूचना बाबांनी सांगितली. मुलांसाठी काही असावे हे मान्य. परंतु ज्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवड्याचे आणि भाताचे गावठी वाण जपले, त्या तालुक्यात पाहुण्याच्या पानात काळभात आणि घेवड्याची आमटी नसावी, हे मला पटत नाही.

तुमच्या पिढीला पाहुण्यांचा अनुभव म्हणजे दिव्यांच्या माळा, झोपाळा आणि फोटोची चौकट वाटते. मी त्याला नावे ठेवत नाही, पण दिव्यांच्या माळा काजव्यांच्या हंगामात लावू देणार नाही. शौचालयाच्या वाटेवर गुडघ्याखाली राहणारे मंद दिवे पुरेत, आणि आल्या आल्या प्रत्येकाच्या टॉर्चला आपण लाल जिलेटीन कागद लावून द्यावा. लहान मुलांना ते काम फार आवडते आणि घरच्या मोठ्यांना नियम सांगायचे काम मग तीच करतात. गावातला वाटाड्या झाडापाशी गेल्यावर पाठ केलेले बोलत सुटतो. त्याला सांगून ठेव, की आधी पाच मिनिटे सर्वांना गप्प उभे राहू दे, मग बोल. सकाळी चहाच्या वेळी धरणाची गोष्ट बाबाच सांगतील: प्रवरेवरचे हे विल्सन धरण १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले, आणि समोरचे १,६४६ मीटरचे कळसूबाई महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. पाहुणे रतनवाडीच्या अमृतेश्वराला जाणार असतील, तर त्यांना सकाळी लवकर पाठव.

स्पीकरविषयी लाजू नकोस. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला २००० सालच्या नियमांनुसारच मनाई आहे, आणि आपल्याकडे तो त्याआधीही लागत नाही, हे विचारणा येताच सांग. नुसत्या तरुण मुलग्यांचा मोठा गट असेल तर त्यांना नुसते ‘स्टॅग चालत नाही’ असे म्हणून तोडू नये. येथे काय आहे आणि काय नाही ते कळवावे, म्हणजे ज्यांना गाणी हवीत ते आपणहून दुसरीकडे जातात आणि उरलेले उत्तम पाहुणे ठरतात. आपण भरलेले असलो तर शेजारच्या कॅम्पचा क्रमांक दे. तेही देतात.

रस्त्याची माहिती नकाशाच्या दुव्यावर सोडू नकोस. मुंबईकडून येणाऱ्याला घोटी, बारी, शेंडी आणि पुण्याकडून येणाऱ्याला संगमनेर, अकोले, राजूर अशी गावांची नावे लिहून पाठव, घोटी किंवा राजूर सोडण्यापूर्वी पेट्रोल भरून घरी फोन करायला सांग, आणि अंधारापूर्वी पोहोचा असे दोनदा लिही. उशिरा आलेली एक गाडी झाडापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांचे दृश्य पुसून टाकते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच्या नोंदी बाबांच्या वहीत आहेत. या रविवारी येऊन त्या तुझ्या कॅलेंडरमध्ये उतरवून घे, तोवर कोणालाही नवा होकार देऊ नकोस. ओढ्याकडच्या खाचराचा बांध फुटला आहे, तेथील तंबू यंदा यादीतून काढून टाक. येताना लाल जिलेटीन कागद आण, राजूरला मिळाला नाही.

तुझी,
आई