मस्कीची लाइन कशी निवडावी: सुहासला पत्र

सेंट पॉल, मिनेसोटा
२० जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सप्टेंबरच्या अखेरीस तू येणार हे वाचून झालेला आनंद इथे मांडत बसत नाही, कारण पत्राच्या शेवटी तू जो प्रश्न विचारला आहेस त्याचे उत्तर मला सविस्तर द्यायचे आहे. मालवणला खडकांवरून तांबोशी आणि कोकर गरवण्यासाठी तू जी आठ पदरी ब्रेडेड, म्हणजे पदर विणून केलेली, लाइन वापरतोस, तिचाच एक नवा रोल बॅगेत टाकून आणला तर तो मस्कीला, म्हणजे इथल्या तलावांतल्या मोठ्या शिकारी माशाला, चालेल का, असे तू विचारतोस. रोलवर पीई ४ असे छापले आहे आणि ताकद ६० पाउंड सांगितली आहे. मस्की वीस-पंचवीस पाउंडांचा, अगदी नशीब उघडले तर चाळीसचा. मग साठ पाउंड पुष्कळ झाले, हा तुझा हिशेब. हाच हिशेब मीही पहिल्या वर्षी केला होता, आणि तो चुकीचा होता.

मस्कीच्या लाइनीवरचा आकडा माशाच्या वजनाशी ताडून पाहायचा नसतो. तो मुख्यतः फेकीसाठी असतो. आपण लहानपणी तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, हाताला गुंडाळून, शिसे आणि कोळंबी लावून गरी टाकायचो, तेव्हा सगळा भार मासा लागल्यावरच यायचा. इथे तसे नाही. मस्कीला इकडे दहा हजार फेकींचा मासा म्हणतात, आणि एका दिवसात चार-पाचशे फेकी सहज होतात. प्रत्येक फेकीच्या टोकाला जे ल्युअर, म्हणजे खोटे आमिष, असते ते आपल्याकडच्या पॉपरपेक्षा कितीतरी जड असते. मोठे रबरी ल्युअर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, आणि शरद ऋतूत काही जण साडेचारशे ग्रॅमचेही फेकतात. ते आडव्या रीलवरून, म्हणजे बेटकास्टरवरून फेकतात, आणि या रीलमधले लाइन गुंडाळलेले रीळ फेकताना स्वतः फिरते. अंगठा जरा उशिरा पडला की रीळ ल्युअरपेक्षा जोरात फिरू लागते, वर लाइनीची जट होते आणि रीळ एका क्षणात थांबते. ल्युअर मात्र पूर्ण वेगात पुढे निघालेले असते. त्या हिसक्याचा सारा भार लाइनीच्या कुठल्यातरी एका बोटभर तुकड्यावर येतो, आणि तो भार कोणत्याही माशाच्या ओढीपेक्षा मोठा असू शकतो.

माझ्याबाबतीत काय घडले ते तुला सांगितलेच पाहिजे, कारण त्यानंतर माझे मत बदलले. पहिल्या वर्षी एका दुकानातल्या माणसाने, मासा एवढाच तर असतो असे म्हणत, ५० पाउंडांची लाइन दिली आणि मला ते पटले. सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी मिल लॅक्स तलावावर माझ्या रीलवर अशीच जट झाली. लाइन तुटली नाही. मी दहा मिनिटे बसून नखांनी गुंता सोडवला, ल्युअर ओढून घेतले आणि पुन्हा फेकू लागलो. त्या हिसक्याने साधारण वीस मीटरवर लाइनीचे पदर दुखावले होते, ते मी पाहिलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मासा लागला. तो पाण्याबाहेर अर्धा आला, त्याचे ते सुसरीसारखे चपटे तोंड आणि पिवळट कूस मला स्पष्ट दिसली, त्याने डोके झटकले, आणि रॉड एकाएकी हलका झाला. लाइन गाठीपाशी तुटली नव्हती. त्या दुखावलेल्या जागी तुटली होती. म्हणजे तो मासा तोंडात तीन-तीन टोकांचे गळ आणि मागे वीस मीटर न कुजणारी दोरी घेऊन गेला. ती दोरी कुठल्या बुडालेल्या ओंडक्याला अडकली असेल तर त्याचे काय झाले असेल, याचा विचार मी त्या हिवाळ्यात अनेकदा केला, आणि अजूनही करतो.

मिनेसोटात बहुतेक सगळ्या तलावांवर ५४ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १३७ सेंटिमीटरपेक्षा लहान मस्की ठेवायला बंदी आहे, आणि त्याहून मोठा मिळाला तरी आम्ही बहुतेक जण तो सोडूनच देतो. तेव्हा मासा जिवंत परत जावा हीच खरी अट. लाइन जाड आणि भक्कम असली की मासा दोन-तीन मिनिटांत जाळ्यात येतो. बारीक लाइनीवर त्याला खेळवत बसले की तो इतका थकतो की सोडल्यावर पोहत जातो खरा, पण पुढे जगेलच असे नाही. पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे जवळजवळ २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की धोका फार वाढतो. म्हणूनच गेले पंधरा दिवस मी मस्कीला गेलेलो नाही, आणि हे पत्र लिहायला निवांत वेळ मिळाला आहे.

आता नेमकी लाइन. माझे उत्तर ८० पाउंड, चार पदरी. एकच रील असणाऱ्याने याखेरीज दुसरे काही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. साडेचारशे ग्रॅमची ल्युअर फेकणाऱ्याने १०० पाउंडांची घ्यावी. माझ्या एका रीलवर ती आहे. ६५ पाउंडांची लाइन लहान बकटेलसाठी, म्हणजे केसाळ ल्युअरसाठी, बरेच जण वापरतात आणि ती थोडी दूर जाते, हे मान्य. पण चार-पाच मीटर जास्त फेकीसाठी मी ती जोखीम घेणार नाही.

पाउंडांपेक्षाही मला जाडी महत्त्वाची वाटते, आणि तुझ्या रोलचा खरा प्रश्न तिथेच आहे. पीईचा आकडा हा जपानी पद्धतीने जाडीचा आकडा असतो, ताकदीचा नव्हे. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, आणि त्या हिशेबाने पीई ४ म्हणजे ०.३३ मिलिमीटर, पीई ६ म्हणजे ०.४० च्या आसपास. इथे मिळणारी पॉवरप्रो या ब्रँडची ८० पाउंडांची लाइन ०.४३ मिलिमीटर भरते. ती जाडीला साध्या १८ पाउंडी तंगुसाएवढी असते. कोकरासाठी तू उभ्या स्पिनिंग रीलवर बारीक लाइन वापरतोस ते योग्यच आहे, कारण तिथे रीळ फिरत नाही आणि हवेत दूर जाणे महत्त्वाचे असते. बेटकास्टरवर मात्र बारीक लाइन जोरात ओढली गेली की खालच्या वळशांच्या मध्ये रुतते. मासा लागला किंवा ल्युअर गवतात अडकले की ती रुतते, आणि पुढच्या फेकीला त्याच जागी अडकून पुन्हा तोच हिसका बसतो. जाड लाइन आपल्या जागी वर राहते.

पॅकेटवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. घरीच मोजून पाहा. पेन्सिलीवर लाइनीचे वीस वळसे एकमेकांना चिकटून, खेचून घाल आणि शाळेच्या पट्टीने त्यांची रुंदी मोज. तुझ्या पीई ४ ची रुंदी साडेसहा मिलिमीटरच्या आसपास येईल, माझ्या ८० पाउंडांची साडेआठच्या पुढे. विणलेली लाइन दाबली की थोडी चपटी होते, त्यामुळे माप अगदी काटेकोर येत नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो.

चार पदर की आठ पदर, यावर इथल्या लोकांचे एकमत नाही. आठ पदरी लाइन गोल आणि गुळगुळीत असते, रॉडच्या कड्यांतून आवाज न करता जाते, आणि तुला तिची सवय आहे. चार पदरीत तितक्याच जाडीत प्रत्येक पदर अधिक जाड असतो, त्यामुळे खडकावर घासल्यावर एक पदर पूर्ण तुटायला वेळ लागतो. मालवणला कालवांच्या धारेवर लाइन घासून किती मासे गेले हे तुला माझ्यापेक्षा चांगले आठवत असेल. इथे कालवे नाहीत, पण मिल लॅक्सच्या खडकाळ उथळ भागांवर तीच गत होते. चार पदरी लाइन कड्यांतून सळसळत जाते. त्या आवाजाने मासा बुजतो असे मला एवढ्या वर्षांत कधी जाणवलेले नाही.

ही दोरी कशाची बनते हे कळल्याशिवाय तिची वागणूक कळत नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. हे पॉलिथिलीनच आहे, आपल्या पिशव्यांचेच, फक्त त्याच्या रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब असतात आणि त्या एका दिशेने ताणून बसवलेल्या असतात. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये डीएसएम या कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी विकसित केली, आणि त्यातून डायनीमा हा धागा आला. त्याच धाग्याचे जहाजांचे दोरखंड आणि गोळी अडवणारी जाकिटे बनतात. तो पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे लाइन तरंगते आणि पृष्ठभागावरच्या ल्युअरला सोयीची ठरते. तो जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे तीस मीटरवरच्या माशाच्या हाडाळ जबड्यात गळ रुतवता येतो. तंगूस तिथे निम्मा जोर स्वतःच खाऊन टाकतो. पण तो फार निसरडा असतो, रंग धरत नाही, आणि उष्णतेला कमकुवत असतो. रंग उडाला म्हणून लाइन टाकून देऊ नकोस. तिच्यावर लव आली की मात्र ती झिजली आहे असे समज.

रंगाबद्दल फार विचार करू नकोस. गडद हिरवी घे, किंवा संध्याकाळी दिसायला सोपी म्हणून पिवळी. लाइन आणि ल्युअर यांच्यामध्ये लीडर, म्हणजे दातांना टिकणारा जाड तुकडा, असतोच. तो लीडर मात्र टाळायचा नाही. मस्कीचे दात आठ पदर असोत की चार, एका घासात कापतात. मी १३० पाउंडांच्या फ्लोरोकार्बनचा, हातभराहून थोडा कमी लांब लीडर लावतो. काही जण तारेचा लावतात आणि तोही चांगलाच. बोटीपाशी रॉडचे टोक पाण्यात घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे ल्युअर फिरवायचे असते, कारण पाठलाग करत आलेला मासा पुष्कळदा तिथेच घेतो, आणि त्या वेळी लाइन इतकी कमी बाहेर असते की ताण सोसणारे काहीच उरत नाही. त्यामुळे ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन बेताने सोडणारा रीलचा ब्रेक, अगदी आवळून ठेवू नकोस. तुझ्या हाताला हे एका दिवसात कळेल.

गाठ पालोमार. लाइन दुहेरी करून लीडरच्या कडीतून काढायची, साधी सैल गाठ मारायची, मग तिच्या फासातून सगळा लीडर पार करायचा. आवळण्याआधी ती थुंकीने किंवा पाण्याने चिंब कर. कोरडी आवळली की घर्षणाने पदर भाजतात. तू तंगुसाला जी क्लिंच गाठ मारतोस ती या निसरड्या दोरीवर सरकते, म्हणून ती इथे विसर. आणि लाइन कधीही उघड्या हाताला गुंडाळून ओढू नकोस. ल्युअर ओंडक्यात अडकले तर लाकडाच्या दांड्याला चार वळसे देऊन बोटीनेच ओढायचे. ही दोरी तुटण्याआधी हाताचे बोट कापते.

रोज सकाळी पहिली फेक टाकण्याआधी मी शेवटचे तीन-चार मीटर अंगठ्याच्या नखावरून सावकाश ओढतो. जिथे नखाला खाच लागते किंवा लव दिसते तिथून पुढचा तुकडा कापतो आणि गाठ नव्याने मारतो. जट झाली असेल तर तेवढी लाइन बाहेर काढून तिथेही नख फिरवतो. त्या माशानंतर हे एकदाही चुकवलेले नाही. कापलेला तुकडा खिशात ठेवतो, पाण्यात टाकत नाही. हंगाम संपला की लाइन उलटी करून भरतो, म्हणजे आत पडून राहिलेली कोरी बाजू वर येते, आणि एक लाइन दोन वर्षे सहज पुरते.

तर तुझा पीई ४ चा रोल मालवणलाच राहू दे. तो चांगला आहे, तिथल्या कामाचा आहे. इथे येताना फक्त तुझे हातमोजे आण. ८० पाउंडांचा रोल मी आणून ठेवला आहे, पण रिळावर चढवलेला नाही. आधी तळाला थोडे तंगूस लागते, नाहीतर ही निसरडी लाइन गुळगुळीत रिळावर सगळीच्या सगळी फिरते. आणि नंतर ओल्या फडक्यात चिमटीने आवळून धरत, कडक भरावी लागते. हे काम दोन माणसांचे आहे. एकाने फडके धरायचे आणि दुसऱ्याने रील फिरवायची. तू आलास की पहिल्या संध्याकाळी अंगणात ते करू. फडके तू धर.

तुझा,
विनायक