नदीकाठच्या अनोळखी मंडळींचे आभार

सुट्टीत ४ दिवस नदीच्या काठाकाठाने पायी भटकलो. खंड्या पक्ष्याचे जे काही बरे फोटो मिळाले, त्यांत माझं कर्तृत्व थोडंच.

गळ टाकून बसलेल्या आजोबांनी पहिल्याच सकाळी सांगितलं, "त्याच्या मागे पळू नका. तो फिरून याच फांदीवर येतो." मग फांदीवर नेम धरून, शटर १/२००० सेकंदावर ठेवून गप्प बसलो. तासाभराने स्वारी आली. मासा फांदीवर दोनदा आपटला, डोक्याकडून गिळला आणि गेली. सूर मारतानाच्या फ्रेममध्ये मात्र नुसतंच पाणी! असो.

टिटवीचा फोटो काढायला गोट्यांतून पुढे सरकत होतो, तेव्हा पलीकडच्या काठावरून ओरडून थांबवणाऱ्या ताई, तुमचे विशेष आभार. पुढच्याच पावलावर ४ अंडी होती, दगडांत दगड होऊन पडलेली. इतका वेळ डोक्यावर घिरट्या घालून ती बिचारी आकांत करत होती आणि मी खुशाल फोकस जुळवत होतो. लाज वाटली.

शेवटच्या दिवशी शेवाळावरून घसरलो, तेव्हा आधी कॅमेरा आणि मग मला वर ओढणारे दोघे जण: तुमचा क्रम अगदी योग्य होता. नावं विचारायची तेवढी राहून गेली.