बर्फही आहे, मीठही आहे!

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतलं वाहनांवरचं सदर वाचलं. सदरकर्त्यांचा अभ्यास दांडगा आहे, त्याबद्दल वाद नाही. जुन्या व्हॅनचे ब्रेकचे पाईप गंजून फुटतात, अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने २०१५ मध्ये त्यावर जाहीर सूचना काढली, हिवाळ्यात गाडीचं बूड धूत राहा आणि पाईप नियमित तपासून घ्या असं तिथल्या लोकांना सांगितलं, हे सगळं त्यांनी छान समजावलंय. आणि शेवटच्या परिच्छेदात एकदम हात झटकले! तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आपल्याकडे ना बर्फ ना मीठ, तेव्हा आपण निश्चिंत असावं, असा त्यांचा निष्कर्ष.

महोदय, हे गृहस्थ मुंबईत राहतात की नागपुरात?

बर्फ आणि मीठ बघायचं असेल तर त्यांनी पहाटे ससून डॉकला, मासळीच्या बंदरावर, यावं. नाही जमलं तर भाऊच्या धक्क्यावर. म्हावरं भरायला व्हॅन आणि टेम्पो लागलेले असतात. टबात म्हावरं, त्यावर फावड्याने बर्फ, टबाच्या तळाशी बोटीवरून आलेलं खारं पाणी. गाडी हलली की ते पाणी हिंदकळतं, मागच्या पत्र्यावर सांडतं, पत्र्याच्या भोकांतून आणि दाराच्या फटीतून खाली गळतं. खाली काय असतं? पुढून मागच्या चाकांकडे गेलेला ब्रेकचा पाईप. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. अमेरिकेत निदान हिवाळा संपला की मीठ संपतं. आमच्याकडे गाडी रोज भरते.

बरं, खारं पाणी एकदा लागलं की सुकून जाईल म्हणावं, तर तेही नाही. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तोच प्रकार पाईपवर चालू असतो. मीठ दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लोखंड ओलंच राहतं. त्यात मासेमारी बंदीच्या दिवसांत आमच्या गाड्या खाडीकाठी उभ्या. जून-जुलै खारा वारा आणि पाऊस खात गाडी जागची हलत नाही, आणि नारळी पौर्णिमा झाली की थेट डॉकला. बूड कोण बघतो? बॅटरी चार्ज केली, हवा भरली, नारळ फोडला, निघाली.

आता जे लिहितोय ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. बंदी उठून गाड्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. पुतण्या चालवत होता, मी शेजारी. मागे टब भरलेले, दादरला वहिनी वाट बघत होती. लालबागच्या पुलावरून परळकडे उतरताना पुढच्या टॅक्सीने मध्येच ब्रेक मारला. पुतण्याने पाय दाबला. पेडलने क्षणभर धरलं आणि मग खालून काहीतरी सुटल्यासारखं सरळ गेलं. "काका, ब्रेक नाय!" एवढंच तो ओरडला. पोराने डोकं चालवलं. तिसऱ्यातून दुसरा टाकला, हॅंडब्रेक ओढला, परत पेडल मारलं. आमच्या व्हॅनमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांची लाइन वेगळी असल्यामुळे पुढच्यांनी थोडं धरलं. पण भरलेली गाडी थोड्या ब्रेकवर थांबते का? डाव्या बाजूच्या कठड्याला घासत घासत थांबली. एक टब सरकून माझ्या पाठीवर आला, बर्फाचं पाणी मानेतून शर्टात. टॅक्सीवाल्याला काही कळलंही नाही, तो आपल्या वाटेने गेला.

गाडी ओढून मेस्त्रीकडे नेली. तो टॉर्च घेऊन खाली शिरला आणि मलाही शिरायला लावलं. वरवर बघितलं तर पाईप झकास, काळा कुळकुळीत. त्याने अंगठ्याच्या नखाने रंग खरवडला, तर रंगाबरोबर पापुद्रेच निघाले. सगळ्यात वाईट जागा मागच्या डाव्या चाकाच्या अलीकडे, जिथे पाईप पत्र्याच्या क्लिपमध्ये धरलेला असतो. क्लिपमागे चिखल साठतो, चिखलात खारं पाणी मुरतं, आणि गंज पाईपला नेमका तिथेच खातो. बरोब्बर वर पत्र्याचं भोक, जिथून टबाचं पाणी गळतं. त्याने क्लिप उचकटली, तो तुकडा पकडीत धरून जरासा दाबला आणि तो बिस्किटासारखा कुस्करला. खाली गंजाचा चुरा पडू नये म्हणून त्याने पेपर अंथरला होता. पेपर आपलाच होता, हे कौतुकाने सांगतो.

मग त्या मेस्त्रीने जे समजावलं ते आपल्या सदरात यायला हवं होतं. हा पाईप जेमतेम पाच मिलिमीटर जाडीचा, आतून पोकळ, आणि त्याची भिंत एक मिलिमीटरसुद्धा नसते. टायरमध्ये आपण तीसेक पौंड हवा मारतो. जोरात ब्रेक मारला की या पाईपमधल्या तेलाचा दाब हजार पौंडांच्या पुढे जातो. सिग्नलला हळूच पाय ठेवताना तेवढा दाब येत नाही, म्हणून अर्धा खाल्लेला पाईपसुद्धा रोजचं काम करत राहतो. ज्या दिवशी कोणी आडवं येतं आणि पाय पूर्ण दाबला जातो, त्याच दिवशी तो फुटतो. म्हणजे ब्रेक जायचा तो नेमका गरजेच्या वेळीच जायचा. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात येणार, ब्रेक अचानक निकामी झाल्याने व्हॅन फुटपाथवर चढली. नंतर गाडीची तपासणी होते, मोटार वाहन निरीक्षक अहवाल देतात. त्यात काय निघालं, कुठला पाईप, कुठे खाल्लेला, हे मी तरी आपल्या पेपरात कधी वाचलं नाही. तीच बातमी नटाच्या गाडीची असेल तर आठवडाभर चालते.

आता कोणी म्हणेल, गाडीचं पासिंग झालं नव्हतं का? झालं होतं, आणि अगदी ताजं. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते, हा नियम आम्हीही पाळतो. कुठल्या कार्यालयात नेली ते लिहीत नाही, आमचं सगळं तिथेच अडतं. पासिंगच्या आधी एजंट सांगतो, बुडाला काळं मारून आणा, साहेबांना बरं दिसतं. सगळेच मारतात. गंजावर काळा रंग बसला की गंज आत सुखाने वाढायला मोकळा. साहेबांनी लाइट बघितले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवला, मागची रिफ्लेक्टरची पट्टी बोटाने चाचपली. मागच्या काचेवर 'आई एकवीरा प्रसन्न' लिहिलेलं होतं, ते मात्र उभं राहून खरवडायला लावलं, मागचं दिसत नाही म्हणे. खाली कोणी वाकलं नाही. देवीचं नाव पुसलं आणि ब्रेक बघितला नाही, म्हणजे आमचा दोन्हीकडचा आधार गेला.

स्वयंचलित तपासणी केंद्रं हा यावर उपाय असल्याचं सांगतात. यंत्र आलं तर चांगलंच आहे, निदान ते चहापाणी मागणार नाही. तिथे चाकं रोलरवर फिरवून ब्रेक किती धरतो ते मोजतात. पण आज धरणारा पाईप आतून किती उरलाय, हे रोलरला कसं कळणार? त्यासाठी गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन, टॉर्च मारून, क्लिपजवळ बघायला माणूसच लागतो. धुराची तपासणी आपण नेमाने करतो, तिचा कागद नसेल तर हवालदार कोपऱ्यावर अडवतो. धूर दिसतो, पाईप दिसत नाही, एवढाच काय तो पाईपचा गुन्हा.

आणि हे फक्त म्हावऱ्याच्या गाड्यांचं नाही. वरळी सीफेसला, मरिन ड्राइव्हला मोठ्या भरतीच्या दिवशी लाटा रस्त्यावर येतात, त्यातून शाळेच्या व्हॅन जातात, केटररच्या जातात, दुधाच्या जातात. मारुतीची ओम्नी व्हॅन बनायची २०१९ मध्ये थांबली, म्हणजे आज रस्त्यावर दिसेल ती प्रत्येक ओम्नी मुंबईचे निदान काही पावसाळे खाल्लेली आहे. सुट्टीत उभी राहिलेली व्हॅन जूनमध्ये पोरांना भरून निघते. त्यातल्या किती गाड्यांचं बूड कोणी बघितलं असेल?

गॅरेजवाल्यांबद्दलही लिहायला हवं. डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालं की बरेच जण वरून ओतून देतात आणि गाडी सोडतात. अरे बाबा, तेल गेलं कुठे ते तर बघ! लाइनर झिजले की पातळी थोडी उतरते, हे खरं. पण परत परत कमी होत असेल तर ते कुठूनतरी गळतंय. काही जण खाल्लेला तुकडा कापून मध्ये जॉइंट मारतात. काही जण साधा तांब्याचा पाईप टाकतात, तो गंजत नाही पण हादऱ्यांनी कडक होऊन चिरतो. तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचा पाईप खाऱ्या हवेत टिकतो, परदेशात तो वापरतात. आमच्या मेस्त्रीने पुढून मागेपर्यंत अख्खा पाईप नवा टाकला, क्लिपमागे रबर दिलं, पत्र्याची भोकं बुजवून पाणी जायला बाजूने नळी काढली, एअर काढून दिली. एका बऱ्यापैकी सुरमईच्या किमतीत पाईप आला. मजुरी वेगळी.

तेव्हा विनंती एवढीच, की येत्या रविवारी सदरात खुलासा छापावा. किनाऱ्यावरच्या लोकांनी काळजी करावी, आणि भरपूर करावी, असं स्पष्ट लिहावं. गोड्या पाण्याने बूड धुवायचा अमेरिकेतला सल्ला आमच्या कामाचा आहे, तो वाया घालवू नये. सदरकर्त्यांना खात्री करायची असेल तर आमची व्हॅन केव्हाही दाखवू, फक्त पांढरे कपडे घालून येऊ नका म्हणावं.

आपला,
एक जुना वाचक
वरळी कोळीवाडा
(नाव न छापण्याच्या अटीवर)

ता. क. : पूर्वी आपल्या पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या. आता तिथे राशिभविष्य दुप्पट झालंय. मेष राशीला आज धनलाभ आहे की नाही यावर आमच्या होड्या सुटत नाहीत. वेळा परत सुरू कराव्यात, आणि टाइप जरा मोठा ठेवावा.